आधी हँडल की आधी रंग? घरी कॅफे रेसर केलेल्या एका मोटरसायकलचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दहा-बारा वर्षे वापरलेली. एक सिलिंडर, एअर-कूल्ड इंजिन, कार्ब्युरेटर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक, स्पोकची चाके, १२ व्होल्टची वायरिंग. इंजिन ठणठणीत होते. टाकीवर मात्र ओरखडे होते, डाव्या बाजूला एक उथळ पोचा होता आणि सीटचे कव्हर फाटले होते. मालकाला गाडीला कॅफे रेसरचे, म्हणजे रेसच्या जुन्या गाड्यांसारखे खुजे, मोजक्या भागांचे रूप द्यायचे होते. त्यासाठी खाली बसणारे क्लिप-ऑन हँडल, एकट्यापुरती सपाट सीट, लहान गोल हेडलाइट, बारीक एलईडी इंडिकेटर, हँडलच्या टोकाला लागणारे आरसे आणि टाकीला नवा रंग, अशी यादी ठरली.

सुरुवातीलाच दोन अटी घातल्या होत्या. चॅसी कापायची नाही आणि मूळ वायरिंगला कात्री लावायची नाही. काढलेला प्रत्येक भाग पुन्हा बसवता आला पाहिजे. या अटींमुळे पुढच्या चुका महाग पडल्या तरी भरून काढता आल्या. घरी पहिल्यांदा असे काम करणाऱ्याने हीच मर्यादा घालून घ्यावी. चॅसीचा मागचा भाग एकदा कापला की वेल्डिंग किती भरवशाचे आहे हे ठरवणे घरगुती हत्यारांच्या आवाक्यातले नसते.

हत्यारे साधीच होती: पान्यांचा सेट, अलन की, व्हर्निअर, मल्टीमीटर, क्रिम्पिंगची पक्कड आणि उसना आणलेला टॉर्क पाना.

क्रम मात्र उलटा लागला. टाकी काढायला सोपी आणि रंगाची हौस सर्वांत मोठी, म्हणून टाकी आधी रंगवली गेली. हँडल, वायरिंग, सीट हे सगळे त्यानंतर आले.

अडचण

रंगवलेली टाकी बसवून क्लिप-ऑन आवळले आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवले, तर डाव्या बाजूचा स्विच बॉक्स टाकीच्या खांद्याला टेकला. उजवीकडे वळवल्यावर अ‍ॅक्सिलरेटरचे घर टेकले. मूठ धरून वळवले तर अंगठा टाकी आणि हँडल यांच्यामध्ये अडकत होता.

कारण सरळ आहे. मूळ हँडल वरच्या टीवर (फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना वर जोडणाऱ्या आडव्या भागावर; खालचा तसाच भाग म्हणजे खालची टी), टाकीपेक्षा बरेच उंच असते, त्यामुळे वळताना मुठी टाकीच्या वरून फिरतात. क्लिप-ऑन थेट फोर्कच्या नळीला, वरच्या टीच्या खाली आवळले जातात. मुठी टाकीच्या बाजूला, तिच्याच उंचीवर येतात. रेसच्या जुन्या गाड्यांच्या टाक्यांना पुढे हात आणि अंगठे फिरतील असे खोलगे दिलेले असायचे, ते याचसाठी. रोजच्या वापराच्या गाडीची टाकी अशी नसते, ती पुढे रुंदच असते.

दुसरी अडचण इंडिकेटरची. एलईडी लावल्यावर ते दुप्पट वेगाने लुकलुकू लागले. मालकाने फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलला, तर वेग बरोबर झाला, पण आता डावीकडचे बटण दाबले की उजवीकडचेही इंडिकेटर लागत. मीटरमधला हिरवा दिवा अजिबात लागेना.

तिसरी अडचण पेट्रोल भरताना कळली. झाकणाजवळ सांडलेले पेट्रोल पुसले, तर फडक्याबरोबर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) चिकट होऊन सरकला. झाकणाभोवती सुरकुत्यांची एक पट्टी उठली.

पर्याय: हँडल

इथे चार मार्ग होते. पहिला मालकाला सर्वांत आवडला होता, कारण त्यात विकत घेतलेले क्लिप-ऑन वापरता आले असते: खालच्या टीवर स्टीअरिंगचा जो स्टॉप असतो, त्यावर लोखंडाचा तुकडा बसवून हँडलचे वळणच कमी करायचे. हा मार्ग का सोडला, हे नीट पाहण्यासारखे आहे. स्टॉप स्टीअरिंगच्या मध्यापासून सुमारे ६० मिमीवर होता. तिथे ६ मिमी जाडी वाढवली की वळण साधारण ६ अंशांनी घटते. वळण ४० अंशांवरून ३४ वर आले, तर ठोकळ हिशोबाने गाडी वळायला लागणारी त्रिज्या पाव पट वाढते. अरुंद जागेत वळताना, गाडी ढकलत फिरवताना आणि अगदी हळू वेगात तोल सावरताना हे जाणवते. अचानक हँडल स्टॉपवर आदळले तर पाय टेकायलाही वेळ मिळत नाही. शिवाय प्रत्यक्ष पट्टी धरून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी कागदावर सुचली नसती: हँडल लॉकची खुंटी तिच्या भोकासमोर येईना. लॉक पूर्ण वळणाजवळच बसते. वळण कमी केले की चोरीपासूनचे ते संरक्षण जाते.

दुसरा मार्ग म्हणजे फोर्कच्या नळ्या टीमधून वर सरकवायच्या आणि क्लिप-ऑन वरच्या टीच्या वर आवळायचे. त्यासाठी नळी निदान ३० मिमी वर यायला हवी. तेवढा पुढचा भाग खाली बसतो, फोर्क अधिक उभा होतो, ट्रेल (स्टीअरिंगच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथवरचे अंतर) कमी होतो आणि गाडी वेगात चंचल होते. त्याहून वाईट म्हणजे फोर्क पूर्ण दबला की मडगार्ड खालच्या टीला लागू शकते. पाच-दहा मिलिमीटर सरकवणे वेगळे आणि ३० मिमी वेगळे. हा मार्ग लगेच बाद झाला आणि तसाच व्हायला हवा होता.

तिसरा, उंचवटा दिलेले क्लिप-ऑन. हे चालले असते. चौथा, मूळ क्लॅम्पमध्येच बसणारे सरळ, आखूड, २२ मिमी जाडीचे एकसंध हँडल. ते क्लिप-ऑनइतके खाली येत नाही, पण मूळ हँडलपेक्षा बरेच खाली येते, फोर्कला हात लावावा लागत नाही आणि पाठीवर ताण कमी पडतो.

निर्णय चौथ्याच्या बाजूने झाला. पाय ठेवायचे पेग मूळ जागीच राहणार होते, हे त्यामागचे मोठे कारण. हात खाली आणि पाय पुढे अशी बैठक असली की अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. क्लिप-ऑन लावायचे तर पेगही मागे न्यावे लागतात, म्हणजे गिअर आणि मागच्या ब्रेकचा दांडाही बदलावा लागतो. ते काम या यादीत नव्हते.

काय केले: हँडल, केबल, ब्रेक

सरळ हँडल बसवून सगळे स्विच आणि लिव्हर आधी सैल लावले. मालक सीटवर बसला, लिव्हरचा कोन मनगटाच्या रेषेत आणला, मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मोजमाप घेतले. टाकी आणि मूठ यांच्यात दोन्ही बाजूंना ३० मिमीच्या वर जागा राहिली, हातमोजा घातलेला अंगठा सहज फिरत होता. त्यानंतरच स्विच बॉक्ससाठी भोक पाडले.

हे भोक बारीक बाब वाटते, पण इथे पुष्कळ जण चुकतात. स्विच बॉक्सच्या आत एक लहान खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते आणि बॉक्स फिरू देत नाही. नव्या हँडलला भोक नसते. खुंटी घासून काढली की काम पाच मिनिटांत होते, पण मग अ‍ॅक्सिलरेटरचे घरच मुठीबरोबर फिरू लागते. खुंटीच्या जाडीचे भोक पाडावे, आणि तेही कोन पक्का झाल्यावरच. दुसरे भोक पाडावे लागले तर हँडल तिथे कमकुवत होते.

हँडल खाली आले की केबल लांब पडतात. मालकाने जास्तीची लांबी गुंडाळून स्टीअरिंगच्या नळीजवळ झिप टायने चॅसीला घट्ट बांधली. इंजिन १,३०० आरपीएमवर चालू ठेवून हँडल डावीकडे वळवले, तर आरपीएम २,००० च्या पुढे गेले. टायमुळे केबलला सरकायला जागा उरली नव्हती आणि वळताना बाहेरचे आवरण ओढले जाऊन आतली तार खेचली जात होती. चालत्या गाडीत वळणावर असे झाले तर अपघातच. टाय कापला, केबल वरच्या टीच्या मागून मोठ्या गोलाईने नेली, मोकळ्या कडीतून ओवली, आणि मुठीला २ ते ३ मिमी मोकळा खेळ ठेवला. पुन्हा दोन्ही टोकांना वळवून पाहिले, आरपीएमचा काटा हलला नाही. केबलशी संबंधित कुठलेही काम झाले की ही चाचणी सोडू नये. क्लचची केबलही तशीच सैल गोलाईत घेतली, कारण केबलला तीव्र वाक पडला की क्लच जड होतो.

ब्रेकचा होज लांब होता, पण पूर्ण वळणावर फोर्क आणि चॅसीमध्ये चिमटत नव्हता, म्हणून तोच ठेवला. हँडलवरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर फिरवून त्याची ऑइलची डबी समपातळीत आणली आणि त्यासाठी बँजो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) सैल करावा लागला. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे टाकले, ब्लीडिंग करून हवा काढली. या वेळी ऑइलचा एक थेंब पेट्रोलच्या टाकीच्या नव्या रंगावर पडला आणि लगेच पाण्याने धुऊनही तिथे फिकट डाग राहिला. ब्रेक ऑइल रंग खाते. त्या वेळी टाकी गाडीवर असण्याचे काहीच कारण नव्हते.

काय केले: इंडिकेटर

मूळ बल्ब १० वॅटचे. एका बाजूचे दोन मिळून २० वॅट, म्हणजे जवळपास १.७ अँपिअर. एलईडीचा एक नग दीड-दोन वॅटचा, दोन मिळून पाव अँपिअरच्या आसपास. मूळ फ्लॅशर एवढा कमी करंट पाहून बल्ब उडाला असे समजतो आणि वेग वाढवतो. इथे दोन उपाय असतात. एक, प्रत्येक बाजूला समांतर १० ओहमचा रेझिस्टर लावायचा. तो दर लुकलुकीला १५ ते २० वॅट उष्णता टाकतो, म्हणून पत्र्यावरच बसवावा लागतो. वायरिंगच्या गुच्छात टेपने गुंडाळला तर आवरणे वितळतात. दुसरा, भारावर अवलंबून नसलेला फ्लॅशर. मालकाने दुसरा निवडला आणि तो योग्यच होता. मूळ फ्लॅशर दोन पिनांचा असला आणि नवा तीन पिनांचा मिळाला, तर तिसरी पिन अर्थला द्यायची असते.

दोन्ही बाजूंचे दिवे एकदम का लागत होते, ते मीटरमधल्या दिव्यात दडले होते. या गाडीत डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंसाठी मीटरमध्ये एकच दिवा होता. तो अर्थला जोडलेला नव्हता, तर डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये टांगलेला होता. डावी बाजू चालू झाली की करंट या दिव्यातून उजव्या बाजूला जाई आणि उजवीकडच्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला पोचे. ती फिलामेंट १० वॅटची, तेवढ्याशा करंटने ती तापतही नसे, त्यामुळे फक्त मीटरमधला दिवा लागायचा. एलईडीला मात्र तेवढा करंट पुरतो. म्हणून उजवीकडचेही पेटले, आणि करंट इतका कमी की मीटरमधला बल्ब मात्र पेटला नाही.

उपाय दोन डायोडचा आहे. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. १एन४००७ हा साधा, १ अँपिअरचा डायोड पुरतो. मीटरच्या दिव्याच्या दोन्ही वायर मूळ जागेवरून सोडवायच्या. डाव्या इंडिकेटरच्या वायरपासून एक डायोड, उजवीच्या वायरपासून दुसरा. दोन्ही डायोडांची चंदेरी पट्टा असलेली टोके एकत्र करून दिव्याच्या एका वायरला जोडायची आणि दिव्याची दुसरी वायर थेट अर्थला. आता कुठलीही बाजू दिव्याला करंट देऊ शकते, पण तो दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाही. जोडण्याआधी मल्टीमीटरच्या डायोड चाचणीवर प्रत्येक नग तपासला: एका दिशेने अर्धा-पाऊण व्होल्टच्या दरम्यान आकडा, उलट दिशेने काहीच नाही. डायोडांची टोके सोल्डर केली, वर हीट श्रिंक चढवले आणि तो तुकडा टेपने हलणार नाही असा बांधला, कारण सोल्डरचा सांधा कंपनात हलत राहिला की त्याच्या कडेलाच तार तुटते. मूळ वायरिंग न कापता हे सगळे सुट्या कनेक्टरवर केले.

मागचा डावा इंडिकेटर तरीही लागेना. मूळ इंडिकेटर आपल्या धातूच्या दांड्यातून अर्थ घेत होते. नवा दांडा रबरी असल्याने त्याला वेगळी अर्थ वायर द्यावी लागली.

लहान हेडलाइटने वेगळाच प्रश्न काढला. मूळ हेडलाइटचे कवच कनेक्टरांनी भरलेले असते, लहान कवचात ते मावत नाहीत. कनेक्टरांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून, फोटो काढून ते टाकीखाली, पाणी न लागेल अशा जागी नेले. हेडलाइट बदलण्याआधी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून प्रकाशाची वरची कड खडूने आखून ठेवली होती, नवा दिवा त्याच रेषेला लावला.

काय केले: मागचा भाग आणि रंग

सीटचा पाया फायबरचा केला, त्यावर फोम आणि कव्हर. यात विशेष काही नाही. मागचे मडगार्ड आखूड करण्यापूर्वी दोन्ही मागचे शॉकअ‍ॅबसॉर्बर सोडून चाक हाताने वर उचलले आणि शॉक पूर्ण दबल्यावर चाक जिथवर येईल तिथवर आणले. टायर आणि सीटच्या पायामध्ये जेमतेम बोटभर जागा राहत होती, आणि मागच्या दिव्याची वायर नेमकी तिथूनच गेली होती. वायर बाजूने फिरवली. आतले मडगार्ड मालकाला काढायचे होते, ते ठेवले, कारण ते काढले की चाकाचा सगळा चिखल बॅटरीवर उडतो. नंबर प्लेट, तिचा दिवा आणि मागचा रिफ्लेक्टर मूळ मापाचेच राहिले. कोणते बदल चालतात याचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते भाग विकत घेण्यापूर्वी पाहावेत.

टाकीवर मालकाने वापरला होता तो एक घटकाचा स्प्रे कॅनचा क्लिअर. तो फक्त सुकतो, रासायनिक रीतीने पक्का होत नाही, म्हणून पेट्रोल त्याला पुन्हा विरघळवते. टाकीला हार्डनर मिसळलेला टू-के, म्हणजे दोन घटकांचा क्लिअरच हवा. जुन्या क्लिअरवरच टू-के मारावा असे सुचले होते. तेही टाळले, कारण टू-केच्या सॉल्व्हंटने खालचा थर फुगून सुरकुततो. क्लिअर आणि रंग ४०० च्या वॉटर पेपरने प्रायमरपर्यंत उतरवले, ६०० ने सफाई केली, ग्रीस आणि मेण काढणाऱ्या द्रवाने पुसले आणि रंगाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येकामध्ये १५ मिनिटे सोडून.

टू-के क्लिअर मात्र घरी मारला नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा धोका वासावरून कळत नाही, धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, आणि त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की दमा कायमचा मागे लागू शकतो. राहत्या घराच्या बंद जागेत ते मारणे मान्य होण्यासारखे नव्हते. रंगवलेली टाकी व्यावसायिक रंगशाळेत देऊन फक्त क्लिअर मारून घेतला. या निर्णयाने घरगुती कामाचे मोल कमी होत नाही. झाकणाचे श्वसनछिद्र मात्र घरीच सुईने तपासले. ते रंगाने बुजले तर टाकीत पोकळी होऊन काही अंतरावर इंजिन बंद पडते, आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो.

निकाल

गाडी चालू झाल्यावर साधारण १०० किमीवर हँडलचे क्लॅम्प, बँजो बोल्ट आणि सीटचे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासले. सीटचे दोन बोल्ट किंचित सैल निघाले, त्यांना थ्रेड लॉकर (बोल्टचे आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावला. इंडिकेटर, मीटरचा दिवा आणि ब्रेक व्यवस्थित. पेट्रोल सांडले तरी रंग शाबूत. क्लिप-ऑन पडून राहिले आणि टाकी दोनदा रंगवावी लागली, हा खरा तोटा.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा फरक क्रमाने पडला असता. सगळे नवे भाग जुन्या, ओरखडलेल्या टाकीसह एकदा कोरडे जोडून पाहायचे, हँडल दोन्हीकडे वळवायचे, मागचे चाक उचलायचे, इंजिन चालू करून केबल तपासायच्या, दिवे लावायचे. मग सगळे सोडून ब्रेक आणि वायरिंग पूर्ण करायचे आणि शेवटी रंग. असे केले असते तर क्लिप-ऑनचा स्विच बॉक्स जुन्या रंगावर टेकला असता आणि ब्रेक ऑइलचा थेंबही तिथेच पडला असता.

क्लिप-ऑन विकत घेण्याआधी त्यांच्या मापाचा लाकडी दांडा किंवा पाइपचा तुकडा फोर्कला त्या उंचीवर बांधून हँडल वळवून पाहता आले असते. दहा मिनिटांचे काम. वायरिंगच्या बाबतीत मीटरमधला दिवा कुठे जोडला आहे हे मल्टीमीटरने आधी पाहिले असते तर डायोड आणि फ्लॅशर एकाच दिवशी बसले असते: दिव्याच्या दोन्ही वायरवर आलटून पालटून १२ व्होल्ट येत असतील तर तो दोन बाजूंच्या मध्ये टांगलेला आहे, एक वायर कायम अर्थला असेल तर डायोडची गरज नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. हँडलच्या टोकाचे आरसे ठरावीक आरपीएमला थरथरतात आणि मागचे चित्र धूसर होते. एक सिलिंडरच्या इंजिनात हे अपेक्षितच असते. हँडलच्या पोकळीत वजनदार भरीव तुकडा घालून कंपनाचा वेग बदलता येतो, पण या आरशांची खुंटी तीच पोकळी व्यापते. लांब खुंटीचे, आत वजन बसेल असे आरसे लावून पाहायचे ठरले आहे. तोवर मागचे नीट दिसावे म्हणून मूळ आरसे पुन्हा जोडलेले आहेत.